पार्सलमधून भलतेच निघाले तर

साडी मागवली, आली चादर. फवारणीचा पंप मागवला, आली त्याची नुसती नळी. घाटावरच्या चिखली-मेहकरपासून घाटाखालच्या शेगाव-संग्रामपूरपर्यंतचे वाचक हेच विचारत असतात, आणि प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन अडतो: कंपनी बंगळुरूची, विकणारा सुरतचा, आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले. परत करायची मुदत संपली म्हणतात. आता भांडायचे कुणाशी आणि कुठे?

उत्तर आधीच सांगतो. भांडायचे बुलढाण्यातच. वकील केलाच पाहिजे असे नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. कंपनीची सात किंवा दहा दिवसांची मुदत ही कंपनीची आहे. कायदा तक्रारीला दोन वर्षे देतो. पण ही दोन वर्षे कामी येतील की वाया जातील, ते पार्सल हातात पडल्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांवर ठरते. म्हणून सुरुवात तिथून.

ओटीपी सांगण्याआधी आणि नंतर

आपल्याकडची अडचण पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी आहे. बऱ्याच खेड्यांत कुरिअरचा मुलगा गावात येतच नाही, फाट्यावर बोलावतो. तिथे उन्हात उभे राहून खोके उघडायचे म्हटले की तो म्हणणार, 'भाऊ, मले अजून चाळीस पार्सलं वाटाची हायेत.' आपल्यालाही संकोच वाटतो. ओटीपी सांगतो, गाडीला किक मारतो आणि खोके घरी येऊन उघडतो. त्या मुलाशी वाद घालण्यात अर्थ नाही. सीलबंद खोके पोचवणे एवढेच त्याचे काम, आत काय आहे ते त्यालाही माहीत नसते. पण ओटीपी दिला की कंपनीच्या नोंदीत 'माल पोचला' असे चढते, हे ध्यानात असू द्या.

मोबाइल, लॅपटॉप, मिक्सर अशी महागाची वस्तू असेल आणि 'ओपन बॉक्स डिलिव्हरी'चा पर्याय दिसत असेल तर तोच निवडा. यात तो मुलगा तुमच्यासमोर खोके उघडून दाखवतो आणि नंतरच ओटीपी मागतो. वस्तू वेगळी निघाली तर घेऊ नका, ओटीपी देऊ नका, विषय तिथेच संपतो. हा पर्याय नसेल तर निदान सील, टेप आणि खोक्याचे कोपरे पाहा. टेपवर टेप चिकटवलेली असेल तर पार्सल नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

घरी आणल्यावर सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे व्हिडिओ. तो असा घ्या:

- खोके उघडण्याआधी सहाही बाजू दाखवा. लेबलवरचे तुमचे नाव आणि ऑर्डर क्रमांक वाचता आला पाहिजे.
- फोन दुसऱ्याच्या हातात द्या. एका हाताने शूट आणि दुसऱ्याने कात्री, यात नेमका महत्त्वाचा क्षण चौकटीबाहेर जातो.
- मध्ये व्हिडिओ थांबवू नका. तुकडे जोडलेला व्हिडिओ दाखवला की कंपनी पहिला संशय तिथेच घेते.
- आतली वस्तू, तिच्यावरची छापील माहिती आणि बिल एकाच चौकटीत आणा.
- मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत बारीक होते. ती तक्रारीला जोडायला ठीक, पण मूळ फाइल पुसू नका.

एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. कारण फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. खरी वस्तू काढून घेऊन खोक्यात विटेचा तुकडा परत पाठवणारे महाभाग ग्राहकांतही आहेत. त्यामुळे कंपनीचा माणूस तुमच्यावर सहज विश्वास ठेवत नाही, आणि त्याचा भुर्दंड तुम्हा-आम्हाला पडतो.

व्हिडिओ राहून गेला तर? अजून एक वाट आहे. लेबलवर पार्सलचे वजन छापलेले असेल तर शेजारच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर खोके, पॅकिंग आणि आतली वस्तू सगळे एकत्र ठेवा आणि काट्यावरच्या आकड्यासह फोटो काढा. लेबलवर दीड किलो आणि काट्यावर चारशे ग्रॅम, असा फरक निघाला तर त्यावर कंपनीला उत्तर देणे जड जाते. खोके आणि पॅकिंगचा कचरा मात्र निकाल लागेपर्यंत टाकू नका.

मोबाइलच्या बाबतीत खोके बरोबर आणि आतला फोन दुसरा, असेही घडते. *#०६# डायल केले की फोनचा आयएमईआय क्रमांक पडद्यावर येतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावर असेल तर बिलावरच्याही क्रमांकाशी ताडून पाहा. केवायएम लिहून, जागा सोडून हा क्रमांक १४४२२ वर एसएमएस केला तर फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा, ते उत्तरात येते.

'आवडले नाही' वेगळे, 'चुकीचे आले' वेगळे

बहुतेकांची गाडी इथेच घसरते. निळा रंग मागवला, निळाच आला, पण अंगावर खुलला नाही. एल साइज मागवली, एलच आली, पण घट्ट झाली. अशा वेळी माल परत घ्यायचा की नाही हे कंपनीच्या धोरणावर आहे. कायदा त्यासाठी तुमच्या बाजूने उभा राहत नाही.

निळ्याऐवजी हिरवा आला, एलऐवजी एम आली, चित्रात सुती आणि हातात पॉलिस्टर आले, तर मात्र चित्र पालटते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात की वस्तू सदोष असेल, बनावट असेल, किंवा जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे वा ठरल्याप्रमाणे नसेल, तर ती परत घ्यायला किंवा पैसे परत करायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. सांगितलेल्या तारखेनंतर उशिरा आलेल्या मालालाही हेच लागू. अपवाद फक्त पूर-भूकंपासारख्या हाताबाहेरच्या कारणांचा. 'या वस्तूवर परतावा नाही' असे पानावर लिहिलेले असले, तरी ती ओळ तुम्ही मागवलेल्या वस्तूसाठी आहे. जी वस्तू तुम्ही मागवलीच नाही, तिला ती कशी लागू होणार?

म्हणून ॲपमध्ये 'रिटर्न' दाबल्यावर कारणांची जी यादी येते, ती घाईत भरू नका. 'आता नको आहे', 'आवडले नाही' ही कारणे वर असतात म्हणून लोक तीच दाबतात. 'चुकीची वस्तू आली' हेच कारण निवडा, मग त्यासाठी चार फोटो जास्त चढवावे लागले तरी चालतील. चुकीचे कारण दाबल्याने नंतर मोठा घोळ होतो. तुम्ही चादर परत करता, पिकअपवाला साडीची नोंद घेऊन आलेला असतो, गोदामात चादर पोचते आणि तुम्हाला निरोप येतो: 'आपण वेगळीच वस्तू परत केली, रिफंड नाकारला.' आधीची तक्रार 'चुकीची वस्तू आली' अशी नोंदलेली असेल तर हा वार त्यांच्यावरच उलटतो.

वस्तू परत देतानाही व्हिडिओ घ्या, आणि ॲपवर किंवा कागदावर पोच मिळाल्याशिवाय ती हातातून सोडू नका.

गावात पिकअप येत नसेल तर

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या काही गावांत पार्सल पोचते, पण परत न्यायला कुणी येत नाही. ॲप म्हणते, 'तुम्हीच कुरिअर करा.' करायला हरकत नाही, पण आधी तीन गोष्टी लेखी घ्या: नेमका पत्ता, खर्च कंपनी देणार असल्याची कबुली, आणि पैसे किती दिवसांत येतील ते. त्यानंतर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा. पावतीवरच्या क्रमांकाने पार्सल कुठे पोचले ते दिसते, आणि ती पावती तुमचा पुरावा ठरते. चूक त्यांची असताना वाहतुकीचा खर्च तुम्ही का सोसायचा? लेखी काहीच देत नसतील तर वस्तू न वापरता बाजूला ठेवा आणि 'वस्तू तयार आहे, घेऊन जा' असा ईमेल करून ठेवा.

पैसे 'वॉलेट'मध्ये किंवा कुपनच्या रूपात देऊ केले तर नाही म्हणा; ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत मागा. रोख देऊन पार्सल सोडवले असेल तर बँक खाते किंवा यूपीआय आयडी द्यावा लागतो. एवढेच द्यायचे. पैसे *घ्यायला* पिन कधीच टाकावा लागत नाही.

हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूचे हप्ते मात्र रागाच्या भरात थांबवू नका. कर्ज देणारी संस्था वेगळी असते. तुमचा सिबिल स्कोअर बिघडतो आणि विक्रेत्याचे काहीच जात नाही. तिला लेखी कळवा, आणि तक्रारीत तिलाही पक्षकार करा.

चॅटवर आठवडा घालवू नका, एक पत्र लिहा

ग्राहकसेवेच्या चॅटवर 'आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' हे वाक्य वाचत लोक पंधरा-पंधरा दिवस घालवतात. माझे मत असे की दोनदा बोलून काम झाले नाही तर तिसऱ्यांदा बोलू नये, लिहावे. वरच्या नियमांनुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव, हुद्दा, संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत तो सापडेल. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून महिन्याभरात ती निकाली काढायची, असे बंधन आहे.

पत्र लांबलचक नको. एवढे पुरे:

*"ऑर्डर क्रमांक …, दिनांक …. मी … ही वस्तू … रुपयांना मागवली. दिनांक … रोजी तिच्याऐवजी … ही वस्तू मिळाली. फोटो, व्हिडिओ आणि बिल सोबत जोडले आहे. ॲपवरील तक्रार क्रमांक …. मिळालेली वस्तू न वापरता ठेवली आहे, ती आपल्या खर्चाने घेऊन जावी आणि पूर्ण रक्कम परत करावी. तसेच विक्रेत्याचे नाव, पूर्ण पत्ता व संपर्क मला लेखी कळवावा. महिन्याभरात निवारण न झाल्यास मी बुलढाणा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन."*

विक्रेत्याचा पत्ता मागणारे वाक्य गाळू नका. 'आम्ही फक्त व्यासपीठ, माल विकणारा दुसराच' हा ॲपवाल्यांचा ठरलेला बचाव असतो. पण खरेदी केलेल्या ग्राहकाने लेखी मागितल्यावर विक्रेत्याची माहिती देणे त्यांना बंधनकारक आहे. ती मिळाली की दोघांनाही पक्षकार करता येते, आणि करावेच. मग जबाबदारी कुणाची हे ते आपसांत ठरवोत.

१९१५ वर काय होते

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. व्हॉट्सॲपसाठी ८८००००१९१५ हा क्रमांक आहे. इथले लोक तक्रार नोंदवून थेट त्या कंपनीच्या नेमलेल्या माणसाकडे पाठवतात. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत काम इथेच होण्याची शक्यता बरी असते. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती मध्यस्थ आहे. कंपनीने ताठरपणा दाखवला तर पुढची पायरी चढावीच लागते.

समाजमाध्यमांवर ओरड केली की काम होते, असेही बरेच जण सांगतात. होते, पण कुणाचे? २०१४ च्या दिवाळीत मुंबईतल्या एका ग्राहकाला स्नॅपडीलवरून मोबाइलऐवजी विम बार आला. त्याने फेसबुकवर लिहिले, देशभर बभ्रा झाला, आणि विम बनवणाऱ्या हिंदुस्तान युनिलिव्हरनेच त्याला मोबाइल पाठवून दिला. २०१८ मध्ये अभिनेत्री सोनाक्षी सिन्हाला हेडफोनच्या खोक्यात लोखंडाचा तुकडा मिळाला; तिने ट्विट केले आणि कंपनीची धावपळ उडाली. देऊळगाव राजाच्या शिक्षिकेच्या ट्विटला ही किंमत नाही. तिला आयोगाचाच रस्ता भरवशाचा.

शेतीसाठी घेतले म्हणून 'ग्राहक नाही' म्हणतात

फवारणी पंप, ठिबकचे सुटे भाग, मोटारचा स्टार्टर अशा वस्तू आता सर्रास ऑनलाइन येतात. चुकीचा भाग आला आणि तक्रार केली की समोरून ऐकू येते, 'ही व्यावसायिक खरेदी आहे, तुम्ही ग्राहक होत नाही.' घाबरू नका. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळलेली आहे हे खरे, पण स्वतः राबून स्वतःच्या पोटापाण्यासाठी वापरलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही. शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्धच्या प्रकरणात स्पष्ट केले. खामगावातल्या ताईंनी घरी बसून ब्लाउज शिवायला मशीन मागवली तर त्याही ग्राहक. तिथल्याच दुकानदाराने पुन्हा विकायला पन्नास चार्जर मागवले तर तो ग्राहक नाही. त्याची दाद दिवाणी न्यायालयात.

फवारणीचा हंगाम चुकल्याने झालेले नुकसान मागता येते का? मागता येते, पण सिद्ध करावे लागते. पंप न आल्यामुळे भाड्याने घेतला असेल तर त्याची पावती जपा. पावती नसलेले नुकसान आयोग सहसा अंदाजानेच, हात राखून धरतो.

बुलढाण्याच्या आयोगात, किंवा घरबसल्या

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने आपल्यासारख्यांची सगळ्यात मोठी अडचण दूर केली: कंपनीचे कार्यालय कुठेही असो, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे.

मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांना रेल्वे आहे, बुलढाण्याला नाही. घाटाखालच्या माणसाला तारखेला येणे म्हणजे एसटीने घाट चढून अख्खा दिवस घालवणे. त्यामुळे ऑनलाइन तक्रारीचा मार्ग आपल्या जिल्ह्याला विशेष उपयोगाचा. सरकारचे ई-जागृती हे पोर्टल १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. त्यावर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून तक्रार आणि कागद चढवता येतात. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यावी, असा अर्जही करता येतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी गावातल्या सेतू केंद्रात किंवा शिकलेल्या भाच्या-पुतण्याकडून करून घ्यावे, पण मजकूर स्वतः वाचल्याशिवाय पुढे पाठवू नये.

तक्रारीसोबत लागणारे कागद:

- बिल आणि ऑर्डरचा स्क्रीनशॉट, वस्तूच्या चित्रासह. हे पान नंतर बदलते किंवा गायब होते, म्हणून पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.
- पैसे दिल्याचा पुरावा: बँकेची नोंद, यूपीआय क्रमांक किंवा रोख दिल्याची पावती.
- फोटो, व्हिडिओ आणि कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने.
- राहण्याचा पुरावा आणि तक्रारीतला मजकूर खरा असल्याचे प्रतिज्ञापत्र.

तक्रार मराठीत चालते. काय घडले ते सरळ तारीखवार लिहा, आणि मागणी आकड्यांत लिहा: वस्तूची किंमत इतकी, परतीचा खर्च इतका, मानसिक त्रासापोटी इतके, तक्रारीचा खर्च इतका. बाराशे रुपयांच्या साडीसाठी पाच लाखांची भरपाई मागणारे अर्ज लिहून देणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. आकडा फुगवला म्हणून आयोग जास्त देत नाही, उलट तुमच्या खऱ्या म्हणण्याचेही वजन कमी होते.

कायद्याने अपेक्षित मुदत तीन महिने, वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, याची मनाची तयारी ठेवा. वाटेत समेटाचा प्रस्ताव आला आणि रक्कम रास्त असेल तर स्वीकारण्यात कमीपणा नाही. फक्त पैसे खात्यात जमा झाल्यावरच तक्रार मागे घ्या.

हे तीन सापळे

*खोटा ग्राहकसेवा क्रमांक.* रिफंड अडकला की लोक गुगलवर कंपनीचा नंबर शोधतात आणि भामट्याच्या हाती लागतात. तो गोड बोलून एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतो किंवा लिंक पाठवतो. संपर्क कायम कंपनीच्या ॲपमधूनच करा. पैसे गेलेच तर त्याच तासाला १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

*न मागवलेले पार्सल.* तुम्ही शेतात असता, घरी आईच्या हाती नावाचे पार्सल देऊन कुणीतरी आठशे रुपये घेऊन जातो. घरात सगळ्यांना सांगून ठेवा: ऑर्डर कुणी केली हे कळल्याशिवाय रोख द्यायचे नाही.

*इन्स्टाग्राम-फेसबुकवरची बिनपत्त्याची दुकाने.* चुकीचा माल आल्यावर इथे कुणाला नोटीस पाठवणार? पत्ता नाही, बिल नाही, नंबर बंद. हा विषय मग आयोगापेक्षा पोलिसांच्या सायबर विभागाचा होतो; भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवता येतो. अशा ठिकाणी आगाऊ पैसे भरू नयेत हेच बरे.

आदेश झाला, पैसे आले नाहीत

निकाल तुमच्या बाजूने लागला तरी कंपनी ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकते. विदर्भासाठी त्याचे खंडपीठ नागपूरला आहे. मात्र अपील करताना आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे किरकोळ रकमेसाठी मोठ्या कंपन्या सहसा त्या फंदात पडत नाहीत. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असे झाले तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७२ नुसार आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा अर्ज दाखल झाल्याची नोटीस पोचली की बहुतेक वेळा पैसे आपोआप निघतात.